रुळांची छायाचित्रे : नजर कुठे थांबवायची आणि फोकस कुठे ठेवायचा

लोहमार्ग असलेल्या निसर्गचित्रांत मुख्य अडचण अशी असते की रूळ स्वतःच इतके जोरकस असतात, की छायाचित्रकाराला करण्यासारखे काही उरलेच नाही असे वाटू लागते. दोन समांतर रेषा दूर जाताना एकमेकींजवळ येतात आणि नजर उताराच्या पाण्यासारखी त्यांच्यावरून आपोआप वाहत जाते. पण वाहत गेलेली नजर कुठेतरी पोहोचली पाहिजे. सांगली-मिरजेकडच्या हौशी मंडळींची रुळांची चित्रे पाहताना मला वारंवार असे आढळते की रूळ जिथे एकत्र येतात तिथे नेमके काहीच नसते. पांढुरके आकाश, एखाद्या खांबाची अर्धवट कड किंवा बाभळीचा एक अस्पष्ट ठिपका, एवढेच. आणि त्याच चित्रांत फोकस बहुतेक वेळा अगदी पुढ्यातल्या खडीवर असतो. रचना आणि फोकस हे दोन निरनिराळे विषय म्हणून शिकवले जातात, पण रुळांच्या बाबतीत मला ते एकच वाटतात. नजर कुठे थांबणार हे आधी ठरवले नसेल, तर फोकस कुठे ठेवायचा याचेही उत्तर मिळत नाही, आणि मग तो निर्णय कॅमेरा घेतो.

आपल्या भागात नजर थांबवायला जागा भरपूर आहेत, मात्र त्या सगळीकडे सारख्या नाहीत. पुणे-मिरज मार्ग लोणंद सोडल्यावर सालपे, आदर्की, वाठार असा वळणे घेत वर चढतो आणि तिथे डोंगर, बोगदे, वळणे यांची इतकी रेलचेल आहे की प्रश्न निवडीचा असतो. सातारा आणि कोरेगाव यांच्यामध्ये जरंडेश्वराचा डोंगर आहे. त्याची ओळखू येणारी बाह्यरेषा चित्रात आली, की रूळ कुठे चालले आहेत हे सांगावे लागत नाही. ताकारीजवळ सागरेश्वराच्या टेकड्या आहेत. पण त्यापुढे भिलवडी, नांद्रे, सांगली हा पट्टा सपाट, काळ्या जमिनीचा आणि उसाचा. तिथे डोंगर मिळत नाही. मग सिग्नल, एकटे झाड, येरळा नदीवरचा पूल किंवा ढगांचा एखादा मोठा डोलारा यांच्यावर भिस्त ठेवावी लागते, आणि यापैकी काहीच नसेल तर सरळ रुळांचे चित्र घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. सपाट प्रदेशात वळण शोधावे. वळणावर नजर शून्यात न जाता चौकटीच्या आतच फिरते आणि ते वळण हेच तिचे ठिकाण होते. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या मार्गावर दंडोबाचा डोंगर आणि पुढे ढालगावच्या बाजूच्या पवनचक्क्या आहेत; तो भाग कोरडा आणि उघडा असल्यामुळे दूरचे दिसते आणि माझ्या मते छायाचित्रकारांनी त्याच्याकडे विनाकारण दुर्लक्ष केले आहे.

आता उभे कुठे राहायचे? रुळांच्या मधोमध उभे राहून घेतलेले चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि ते घेऊ नये. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विजेच्या इंजिनाची गाडी मागून आलेली वाऱ्याच्या दिवशी कळतही नाही, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला तर नाहीच. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडप्यांना रुळांवर बसवणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही, कारण लिहिलेले छापण्याजोगे राहणार नाही. नांद्र्याजवळ एकदा बांधावर ट्रायपॉड लावत असताना शेतमालकांनी दुरूनच हाक मारली होती, "दादा, फोटो काढायचा तर हितनंच काढा, रुळात उतरू नका, गेटमन लगेच वरडतोय." त्यांच्या त्या बांधावरून दिसणारी रचना रुळांत उतरून मिळाली असती त्यापेक्षा कितीतरी चांगली होती, आणि त्याचे कारण निव्वळ भूमितीचे आहे.

रूळ चित्रात किती अंशांच्या कोनात एकत्र येताना दिसतील, हे लेन्सवर अवलंबून नसते. कॅमेरा मार्गाच्या मध्यरेषेवर आणि क्षितिजसमांतर असेल, तर तो कोन फक्त दोन गोष्टींवर ठरतो : रुळांमधले अंतर आणि रुळांपासून कॅमेऱ्याची उंची. आपल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते. डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.६ मीटरवरून पाहिले, तर रुळांचा कोन सुमारे ५५ अंशांचा दिसतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, अर्ध्या मीटरवर आणला तर तो ११८ अंशांवर जातो. रूळ जमिनीवर पसरतात, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) एकमेकांत मिसळतात आणि चित्राचा सगळा खालचा भाग खडीने भरतो. उलट उड्डाणपुलावरून, रुळांपासून साधारण आठ मीटर उंचीवर, हाच कोन जेमतेम १२ अंशांचा होतो. लेन्स १८ मिलिमीटरची (वाइड, म्हणजे रुंद भाग दाखवणारी) असो की ७० मिलिमीटरची (दूरचे जवळ आणणारी), हे आकडे बदलत नाहीत. बदलते ते फक्त चौकटीत किती भाग मावतो एवढेच. म्हणून 'रूळ फार पसरट दिसतात' अशी तक्रार असेल तर लेन्स बदलून उपयोग नाही, उंची बदलली पाहिजे. मिरज-पंढरपूर मार्ग पूर्वी ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजचा होता. त्या काळातल्या चित्रांत डोळ्यांच्या उंचीवरूनही रूळ नाजूक आणि उभट दिसतात, तेही याच हिशेबाने, कारण तिथे तो कोन २७ अंशांच्या आसपास येतो.

बाजूने चित्र घेताना हा हिशेब अधिकच कामाचा ठरतो. मार्गाच्या मध्यापासून चार मीटर बाजूला, रुळांच्याच पातळीवर उभे राहिले आणि कॅमेरा १.६ मीटरवर धरला, तर दोन्ही रूळ चित्रात जवळजवळ आडवे होतात आणि त्यांच्यात जेमतेम आठ-नऊ अंशांची फट राहते. म्हणजे दोन रूळ असूनही एकच जाड पट्टा दिसतो. तेवढ्याच अंतरावरून सहा मीटरची उंची मिळाली तर फट अकरा अंशांच्या आसपास होतेच, शिवाय रेषा आडव्या न राहता चौकटीत वर चढू लागतात, आणि खरा फरक या चढण्यानेच पडतो. प्रत्यक्षात हद्दीबाहेर, आणखी दूर उभे राहायचे असल्यामुळे उंचीची गरज त्याच प्रमाणात वाढते. मार्ग खोदातून जात असेल तर बाजूची दरड, भरावावरून जात असेल तर समोरची टेकडी, आणि सपाटीवर उड्डाणपूल अशा जागा हेरून ठेवाव्यात. आदर्कीच्या बाजूला लोणंद-सातारा रस्ताही सालप्याचा घाट चढत असल्यामुळे हद्दीबाहेरच्या उंच जागा सहज मिळतात.

वळणावर चौकट सरळ धरण्यात एक फसगत होते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा मुद्दाम उंच ठेवलेला असतो. ब्रॉडगेजवर ही उंची १६५ मिलिमीटरपर्यंत असू शकते. रूळ किंवा स्लीपर पाहून कॅमेरा सरळ केला तर क्षितिज कलते, आणि घाटात तर मार्गाला चढही असतो. त्यामुळे सरळपणाचे माप रुळांकडून घेऊच नये. विद्युतीकरणाचे खांब ओळंब्यात असतात. चौकटीच्या मध्याजवळचा एखादा खांब उभ्या रेषेशी जुळवला की काम होते. चौकटीच्या कडेचे खांब त्यासाठी वापरू नयेत, कारण वाइड लेन्स खाली किंवा वर झुकवली असेल तर कडेच्या उभ्या रेषा कलतातच.

रूळ चौकटीत कुठून शिरतात याकडेही लक्ष हवे. रूळ अगदी कोपऱ्यातून शिरला तर कोपरा टोकदार होऊन नजर तिथेच अडते. कोपऱ्यापासून थोडे आत, खालच्या कडेवरून जवळचा रूळ शिरवावा आणि दुसराही चौकटीत पुरेसा येऊ द्यावा. क्षितिज मध्यावर नको, एकतृतीयांशावर ठेवा, हा उपदेश सर्वांनी ऐकलेला असतो. रुळांच्या चित्रात मला तो दुय्यम वाटतो. नजर जिथे थांबणार ती वस्तू चौकटीच्या कडांपासून मोकळी आहे ना आणि तिच्यामागे आकाश किंवा एकसंध डोंगर आहे ना, हे आधी पाहावे. क्षितिज त्यानुसार जिथे येईल तिथे येऊ द्यावे.

गेल्या काही वर्षांत पुणे-मिरज मार्गाचे विद्युतीकरण झाले, दुहेरीकरणही झपाट्याने पुढे गेले, आणि जुन्या रचना बिघडल्या असे अनेक जण हळहळतात. मला ही हळहळ पूर्णपणे पटत नाही. एकेरी मार्गाच्या एकटेपणावर उभी असलेली चित्रे आता मिळणार नाहीत हे खरे, पण खांबांच्या रांगेने एक नवीन साधन दिले आहे. खांब दूर जाताना लहान होत जातात आणि त्यांची ती उतरती रांग अंतराची जाणीव रुळांपेक्षाही स्पष्टपणे करून देते. फक्त जिथे नजर थांबवायची त्या डोंगराच्या माथ्यावरून तार जाणार नाही, अशी जागा पाहावी. दोन पावले डावी-उजवीकडे सरकून हे बहुधा साधते. तारेत २५,००० व्होल्ट दाबाची वीज असते. उड्डाणपुलांवर रुळांच्या डोक्यावरचा भाग जाळीने किंवा पत्र्याने झाकलेला असतो, तो त्याचसाठी. जाळीच्या छिद्रातून लेन्स बाहेर काढण्याऐवजी जाळी संपते तिथे थोडे बाजूला उभे राहावे, आणि मोनोपॉड किंवा सेल्फी स्टिक पुलावर उघडूच नये. खांबांचा आणखी एक उपयोग आहे : प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. चित्रात दिसणारा जवळचा क्रमांक टिपून ठेवला की पुढच्या ऋतूत नेमक्या त्याच जागी परत येता येते.

आणि उसाच्या पट्ट्यात परत यावेच लागते. पावसाळ्यानंतर ऊस डोक्यावर गेला, की बांधावरून रूळ दिसेनासे होतात. मग हिवाळ्याच्या सुरुवातीला तुरे आले की उड्डाणपुलावरून दोन्ही बाजूंना रुपेरी पट्टे आणि मधून जाणारे रूळ अशी सुरेख रचना मिळते. आणि तोड झाली की तेच रान उघडे पडून दूरचे झाड, विहीर, पूल सगळे दिसू लागते. एकाच खांबाजवळची ही तीन चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच जागेची आहेत हे सांगूनही पटत नाही.

आता फोकस. निसर्गचित्रासाठी हायपरफोकल अंतराचा नियम सांगितला जातो, म्हणजे अशा अंतरावर फोकस ठेवायचा की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट यावे. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर आणि एफ ८ (एफचा आकडा मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान) असेल तर हे अंतर सुमारे दोन मीटर येते. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरला सुमारे २.४ मीटर. नियम चुकीचा नाही, पण त्यातला 'पुरेसे स्पष्ट' हा निकष मध्यम आकाराच्या छपाईसाठी ठरलेला आहे. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या चित्रात दूरचा डोंगर मोठा करून पाहिला की तो किंचित मऊ झालेला दिसतो, कारण हायपरफोकलवर फोकस ठेवल्यावर अनंत हे स्पष्टतेच्या अगदी शेवटच्या काठावर असते. आणि आपल्या चित्रात नजर जाऊन थांबते ती तर तिथेच.

म्हणून मी उलट्या बाजूने जातो. फोकस सरळ त्या ठिकाणावर, म्हणजे डोंगरावर, पुलावर किंवा सिग्नलवर ठेवतो आणि त्याची किंमत किती मोजावी लागते ते पाहतो. अनंतावर फोकस ठेवला तर स्पष्टता हायपरफोकल अंतरापासून सुरू होते. म्हणजे १८ मिलिमीटर, एफ ८ला एक मीटरऐवजी दोन मीटरपासून. रेल्वेच्या हद्दीबाहेरून चित्र घेणाऱ्याच्या पुढ्यात दोन मीटरच्या आत गवताच्या काड्यांशिवाय सहसा काही नसते. या तोट्याच्या बदल्यात जरंडेश्वर खणखणीत येत असेल तर सौदा वाईट नाही.

लेन्स लांब होत जाते तसा हिशेब बदलतो. क्रॉप सेन्सरवर ७० मिलिमीटर, एफ ८ला हायपरफोकल अंतर सुमारे ३० मीटर आणि २०० मिलिमीटरला २५० मीटर होते. घाटातले वळण २०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपायचे असेल तर जवळचे वळण आणि मागचा कडा दोन्ही एकाच चित्रात पूर्ण स्पष्ट येणार नाहीत, आणि इथे ठरवावेच लागते. अशा वेळी एक सोपा आडाखा उपयोगी पडतो. फोकस अनंतावर असेल तर लेन्सच्या छिद्राच्या व्यासापेक्षा मोठ्या वस्तू कोणत्याही अंतरावर ओळखू येतात आणि त्याहून बारीक तपशील विरघळतात. २०० मिलिमीटर, एफ ८ला छिद्र २५ मिलिमीटरचे. म्हणजे स्लीपर नीट दिसतील, चार-पाच सेंटिमीटरचे खडीचे दगड कसेबसे दिसतील आणि गवत नाहीसे होईल. ७० मिलिमीटरला छिद्र नऊ मिलिमीटरच्याही आत असल्यामुळे खडी व्यवस्थित येते. जवळच्या खडीचा पोत हाच चित्राचा विषय असेल तर हे चालणार नाही, पण मग फोकसचे ठिकाणही दुसरे असेल.

मधल्या कुठल्यातरी अंतरावर फोकस ठेवायचा असेल तर लोहमार्गासारखी मोजपट्टी दुसरी नाही. काँक्रीटचे स्लीपर किलोमीटरला साधारण १,६६० असतात, म्हणजे एकापासून दुसरा सुमारे ६० सेंटिमीटरवर. दहा स्लीपर मोजले की सहा मीटर झाले. खांब सरळ मार्गावर साधारण ५० ते ७० मीटरवर असतात. जंगलातल्या किंवा समुद्राकाठच्या छायाचित्रकाराला अंतराचा अंदाज करावा लागतो, आपल्याला ते नुसते मोजायचे असते.

छिद्र आणखी लहान करून, एफ १६ किंवा एफ २२ लावून, सगळे एकदम स्पष्ट करण्याचा मोह होतो. क्रॉप सेन्सरवर एफ ११च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळेच थोडेथोडे मऊ होऊ लागते, आणि एफ २२ला ते डोळ्यांना जाणवते. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून दोन चित्रे, एक जवळच्या स्लीपरवर आणि एक डोंगरावर फोकस ठेवून घ्यावीत आणि संगणकावर जोडावीत. वाऱ्यात हलणारा ऊस चौकटीत असेल तर ही जोडणी फसते, हे मात्र लक्षात ठेवावे.

ऑटोफोकसवर सोडले तर कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची ठसठशीत कड पकडतो, आणि रुळांच्या चित्रात अशा कडा चहूकडे असतात : चकाकणारा रूळ, कुंपण, डोक्यावरची तार. एकच फोकस बिंदू निवडून तो ठिकाणाच्या कडेवर, म्हणजे डोंगर आणि आकाश मिळतात त्या रेषेवर ठेवावा. ट्रायपॉड असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये तेवढा भाग मोठा करून हाताने फोकस जुळवणे सर्वांत खात्रीचे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात छोट्या सेन्सरमुळे जवळपासून दूरपर्यंतची स्पष्टता आपोआपच खूप मिळते. तिथे डोंगरावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, कारण तो खांब आणि तारा यांच्या कडा वेड्यावाकड्या कापतो.

गाडी चित्रात हवी असेल तर ती येण्याआधीच सगळे ठरलेले असावे. वळणावर इंजिन कुठे पोहोचल्यावर बटण दाबायचे तो खांब निवडून त्याच्यावर फोकस ठेवावा, ऑटोफोकस बंद करावा आणि शटरचा वेग दूरच्या गाडीसाठी सेकंदाचा ५००वा भाग, जवळच्यासाठी १,०००वा भाग इतका तरी ठेवावा. कोयना एक्स्प्रेस दिवसा जाते, त्यामुळे सरावाला ती बरी. निसर्गचित्रात गाडी लहानच शोभते. तिने चौकट भरली की ते गाडीचे चित्र होते, आणि तो वेगळा छंद आहे.

उजेडाविषयी थोडेच लिहितो. हा मार्ग आपल्या भागात ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जात असल्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी उजेड बहुतेक ठिकाणी बाजूने मिळतो. सूर्य समोर असेल तेव्हा रूळ चकाकतात आणि रेषा उठून दिसतात. सूर्य पाठीशी असेल तर रुळांच्या बाजू गंजक्या तपकिरी दिसतात आणि खडीत मिसळून जातात. चकाकी जास्त झाली म्हणून पोलरायझर (झळाळी कापणारा फिल्टर) लावला तर ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची झळाळी कमी होते, पण धातूवरची फारशी होत नाही. ती एक्स्पोजर कमी करूनच सांभाळावी लागते.

मार्च ते मे या काळात मात्र फोकसचा सगळा हिशेब एका गोष्टीपुढे हरतो. खडी आणि रूळ तापले की त्यांच्यावरची हवा थरथरू लागते आणि टेलिफोटोने घेतलेला दूरचा सिग्नल पाण्यात बुडाल्यासारखा हलतो. हा दोष लेन्सचा नसतो, ट्रायपॉडने जात नाही आणि नंतर संगणकावरही सुधारत नाही. कॅमेरा रुळांपासून जितका उंच, तितका तो कमी होतो, कारण नजर तापलेल्या थराला घासून जात नाही. घाटात वाऱ्यामुळे थोडी सवलत मिळते, पण भिलवडी-नांद्रे पट्ट्यात उन्हाळ्यात सकाळी आठनंतर २०० मिलिमीटरची लेन्स पिशवीतच ठेवावी आणि त्यानंतरचे काम वाइड लेन्सने, जवळची झाडे आणि पूल धरून करावे.